दादांचे रविवार

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, पैसे देऊन एसटीत बसायचे आणि अर्ध्या वाटेत कुठल्या तरी फाट्यावर उतरून चालायला लागायचे, हे भोकरदनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं आणि पटत मात्र कुणालाच नव्हतं. कंडक्टर ओळखीचे झाले होते. "गुरुजी, आज कुठं उतरायचं?" असं तिकीट फाडतानाच विचारायचे. दादा एखाद्या बाभळीचं नाहीतर ओढ्याचं नाव सांगायचे. "तिथं गाडी थांबत न्हाई गुरुजी." "मंग पुढच्या फाट्याला उतरव. तिथून मागं येतो चालत." गाडीतली माणसं हसायची. पोटासाठी चालणारी माणसं आमच्याकडे गावोगाव होती. कापूस वेचायला जाणारी, बाजाराला जाणारी, गाडी चुकली म्हणून जाणारी. हौसेनं चालणारे आमचे दादाच. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते. आठवड्याचे सहा दिवस मुलांना एका जागी बसवून ठेवायचं म्हणजे सातव्या दिवशी स्वतःला तरी मोकळं सोडायला नको का, असं ते म्हणायचे.

स्टँडच्या मागच्या गल्लीत एका मारवाडी शेठजींच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. पुढे त्यांचं धान्याचं गोदाम, मागे आम्ही. त्यामुळे घरात दोन वास कायमचे राहायला होते, तुरीच्या पोत्यांचा आणि डिझेलचा. पहाटे गाड्या सुरू व्हायच्या तेव्हा फळीवरची भांडी थरथरायची. जालन्याची गाडी आधी खोकायची, सिल्लोडची एकदम गर्जायची आणि जाफराबादची दोन-तीनदा बंद पडून मग रडत रडत निघायची. मी गोधडीत पडल्या पडल्या आवाजावरून गाडी सांगायचे आणि दादा दाढी करता करता "बराबर" म्हणायचे. रविवारी माय लवकर उठून ज्वारीच्या भाकरी थापायची. त्या थापण्याच्या आवाजानं मला जाग यायची आणि मी टुणकन उठायचे. चार भाकरी, जवसाची चटणी, एक कांदा, गुळाचा खडा, असं सगळं जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून पिशवीत जायचं. माझ्या आगेमागे कुणी भावंड जगलं नव्हतं. सातव्या वर्षापासून ती पिशवी माझ्या खांद्याला होती आणि दादांचे रविवार माझे एकटीचे होते.

दादांची एक वही होती. पाठकोऱ्या कागदांची, सुतळीनं शिवलेली. प्रत्येक चालण्याचं एक पान. कोणत्या गाडीनं जायचं, कुठं उतरायचं, कोणत्या झाडापासून वळायचं, नदी कुठं ओलांडायची, परतीची गाडी केव्हा. आणि शेवटी नेहमी एक ओळ असायची, पाणी कुठे मिळते. तिथं एखाद्या घराचं नाव लिहिलेलं असे. उन्हामुळे असेल, असं मला लहानपणी वाटायचं. पुढे मोठी झाल्यावर एकदा ती वही वाचताना उमगलं की पाणी त्या मुलखात पुष्कळ विहिरींना होतं, पण ते आमच्यासारख्यांना पुष्कळ दारांत मिळत नव्हतं. जिथं तांब्या हातात दिला गेला ते घर वहीत येई. जिथं वरून ओंजळीत ओतलं गेलं त्या घराचं दादा नाव लिहीत नसत. पण त्याबद्दल त्यांनी मला कधी एक शब्द ऐकवला नाही. "हे कवा तरी छापून काढू," एवढंच म्हणायचे. "लोकांना कळंल तरी, आपल्या भोवताली बघायला किती हाय ते."

मी आठवीत गेले त्या जूनमध्ये कमल आमच्याकडे राहायला आली. दादांच्या थोरल्या भावाची मुलगी, माझ्याहून आठ महिन्यांनी मोठी. अंबड तालुक्यातल्या त्यांच्या गावात सातवीच्या पुढे शाळा नव्हती. मोठे बाबा तिला स्टँडवरून घरी घेऊन आले, पत्र्याची पेटी उंबऱ्यात ठेवली आणि दादांना म्हणाले, "तुझ्या भरवशावर ठिवून चाललो." कमल उंबऱ्यातच उभी होती. सावळी, काटकुळी, एका वेणीची. मायनं तिला आत घेतलं, पाणी दिलं. मला ती त्या दिवशी आवडली होती, हेही लिहून ठेवलं पाहिजे. मला बहीण मिळाली होती आणि मी गल्लीभर सांगत सुटले होते.

पहिल्या रविवारी दादा म्हणाले, "कमल, येतीस का?" आणि ती आली. मी वाटभर तिला दाखवत होते, हे सुगरणीचं घरटं, हा पळस, ही रोह्याची, म्हणजे नीलगाईची, विष्ठा. ती नुसती मान हलवायची. मग एका पडक्या विहिरीपाशी ती थांबली आणि दादांच्या सदऱ्याला हात लावून तिनं बोट केलं. कपारीत घुबडाची दोन पिल्लं होती, दगडाच्या रंगाची. दादा सात वर्षं त्या विहिरीवरून जात होते आणि त्यांना ती जागा कधी दिसली नव्हती. ते खाली बसले, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आले आणि तिच्या बोटाच्या रेषेत बघू लागले. मी मोठ्यानं "कुठंय, कुठंय?" म्हणाले आणि पिल्लं आत सरकली. "सुमन, हळू बोलावं बाई," दादा म्हणाले. रागावून नव्हे, अगदी सहज. पण माझ्या छातीत काहीतरी टोचलं आणि मग ते तिथंच राहिलं.

मत्सर म्हणजे काही रोज भांडणं नव्हे. बाहेरून कुणाला काही दिसलं नसतं. आम्ही दोघी एका ताटात जेवायचो, एका गोधडीत झोपायचो. पण माझं सगळं लक्ष मोजदादीत असायचं. दादा आधी कुणाकडे बघून हसले, मायनं मधली मऊ भाकरी कुणाला वाढली, कुणाची वेणी घालताना तिचा हात जास्त वेळ रेंगाळला. एसटीत एका बाजूला दोघांचं बाक असतं. त्या बाकावर दादा आणि मी बसायचो. आता कमलला गाडी लागते म्हणून ती खिडकीशी आणि दादा तिच्याशेजारी, आणि मी मागे कुणाच्या तरी बोचक्याला टेकून, दोघांच्या मानांकडे बघत. श्रावणात दादांनी वही तिच्या हातात दिली. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं आणि ती न विचारता पानावर वाटेचा नकाशा काढायची. ओढा, बांध, झाड, फाटा. "आता खरं पुस्तक व्हतंय," दादा म्हणाले. माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं होतं. त्यात कुणाचा दोष नव्हता. पण त्या वहीतली पहिली पानं दादांनी लिहिली तेव्हा पिशवी मी उचलत होते, आणि आता पिशवीही मीच उचलत होते.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. कापसाची पहिली वेचणी चालली होती, तुरी कमरेच्या वर जाऊन फुलल्या होत्या. त्या रविवारी दादांना शाळेचं काम निघालं. जाफराबादच्या सडकेचं एक पान अर्धवट राहिलं होतं. एका फाट्यावर उतरायचं, मैलभर आत पूर्णेच्या काठाला जायचं, काठाकाठानं एका डोहापर्यंत चालायचं आणि त्याच फाट्यावर परत यायचं. आम्ही दोघी आधी दोनदा दादांबरोबर गेलो होतो. "जाऊन येऊ का आम्ही?" असं मीच विचारलं. माय चुलीपाशून म्हणाली, "दोन पोरी, एकट्या?" दादा हसले. "दोघी म्हणल्यावर एकट्या कशा? सकाळच्या गाडीनं जातील, साडेचारच्या गाडीनं येतील. पर ती शेवटची हाय बरं का, चुकवू नका."

दिवस छान गेला, हे मला सांगायलाच हवं, कारण पुढे जे झालं त्याला त्या दिवशीचं कुठलंही भांडण कारण नव्हतं. आम्ही डोहात पाय सोडून बसलो, भाकरी खाल्ली, कमलनं गुळाचा मोठा तुकडा मला दिला. मग तिनं मांडीवर वही घेतली आणि नदीचं वळण काढायला लागली. काढता काढता म्हणाली, "हे काकाला लई आवडंल बघ." बस, एवढंच म्हणाली. निघायच्या वेळी ती पाण्यावर हात धुवायला गेली. मी फडकं झटकून पिशवीत टाकलं, तांब्या टाकला. वही काठावरच्या उंबराच्या मुळीवर होती. मी ती विसरले नाही. मी ती घेतली नाही.

फाट्यावर आल्यावर कमल म्हणाली, "वही दे, गाडीची येळ लिहून घेते." मी पिशवीत हात घालून शोधल्यासारखं केलं. "ऱ्हायली वाटतं तिकडं." तिनं माझ्याकडे पाहिलं. मग सूर्याकडे बघून म्हणाली, "हाय अजून येळ. गाडी कवाच टायमावर येत न्हाई. म्या पळत जाऊन येते." आणि गेली. मी फाट्यावरच्या दगडावर बसले. त्या दिवशी नेमकी गाडी वेळेवर आली. लांबून धूळ दिसली आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला, कापसाच्या बांधाच्या टोकाला कमल दिसली. वही धरलेला हात वर करून ती पळत होती. दोन मिनिटं थांबली असती गाडी, तर पोचली असती. मी चढले. कंडक्टर नवीन होता, आम्हाला ओळखणारा नव्हता. "अजून कोणी हाय का मागं?" त्यानं विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले.

त्यानं घंटी ओढली. मी मागच्या बाकावर जाऊन काचेतून पाहिलं. कमल सडकेवर आली होती. तिनं पळणं थांबवलं, वर केलेला हात खाली घेतला आणि तशीच उभी राहिली. मग धुळीत दिसेनाशी झाली. मला त्या वेळी काय वाटलं, हे इतक्या वर्षांनी खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मला हलकं वाटलं. घरी आज मी एकटी जाणार होते, जशी जूनच्या आधी जायचे.

घरी सांगितलं की कमल वही आणायला गेली आणि गाडी सुटली. "अन् तू बसून आलीस?" माय म्हणाली. "थांबलाच न्हाई तो कंडक्टर," मी म्हणाले. दादा तोवर सायकल बाहेर काढत होते. तिथून भोकरदन अकरा-बारा किलोमीटर. दिवे लागायच्या सुमाराला ते परत आले. मागे कॅरियरवर कमल, एका हातात तुटलेली चप्पल, दुसऱ्या हातात वही. अर्ध्या वाटेत ती त्यांना भेटली होती. माय काही विचारायच्या आत कमलच म्हणाली, "म्याच म्हणले सुमनला, तू जा म्हणून. तिच्यावर चिडू नका." दादांनी परातीत कोमट पाणी घेतलं, तिचे पाय त्यात ठेवले आणि चष्मा लावून सुईनं एकेक काटा काढायला बसले. मी भिंतीला टेकून उभी होते. ती माझ्यासाठी खोटं बोलली याचं मला काहीच वाटलं नाही. मला वाटलं ते एवढंच, की ते पाय माझे असते तर.

चौथ्या दिवशी मोठे बाबा आले. त्यांच्या सासुरवाडीच्या कुणी तरी कमलला सडकेवर पाहिलं होतं. ते बसलेसुद्धा नाहीत. "लोकं काय बोलून राह्यले म्हाईत हाय का तुला?" ते दादांना म्हणाले. "मास्तरची पुतणी अनवाणी सडकेनं एकटी हिंडती म्हणून. तुला हिंडायचा शौक हाय तर तू हिंड. माझ्या पोरीला काह्याला लावतो नादी?" दादा म्हणाले, "चूक माझी हाय, भाऊ. पर शाळा सोडवू नको तिची." "व्हायची तेवढी झाली शाळा." कमलनं पेटी भरली. वही फळीवर ठेवली, मायच्या पाया पडली. माझ्याकडे न बघता बाहेर गेली.

दोन-तीन दिवस मी सुखात होते. गोधडी सगळी माझी, मऊ भाकरी माझी. मग रविवार आला. जाफराबादची गाडी नेहमीसारखी रडत निघून गेली, आणि चुलीवर तवाच नव्हता. दादा खाटेवर बसून होते. "दादा, आज न्हाई जायचं?" मी विचारलं. ते म्हणाले, "भावानं एक पोरगी दिल्ती सांभाळायला. तेवढं बी जमलं न्हाई मला. आता कुठं जायचं?" मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. शाळेत साहेब येऊन बोलून गेले तरी ते हसत घरी यायचे. माझ्या तोंडून ते सगळं एकदम बाहेर पडलं. वही कशी ठेवली, ती कशी दिसली, कंडक्टरनं काय विचारलं, मी काय म्हणाले. मला वाटलं मारतील. ते खाटेवरून उठले. त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "चल."

आम्ही नंतरची गाडी धरली आणि त्याच फाट्यावर उतरलो. तिथून दादा भोकरदनकडे चालायला लागले आणि मी त्यांच्या मागे. शिक्षा होती हे मला कळत होतं. पण खरं सांगते, पहिले दोन-तीन किलोमीटर मी मनात सुखावले होते. दादा बोलत नव्हते, तरी दादा आणि मी, दोघंच होतो. पुढे सडकेच्या कडेला गयाबाईंचं शेतातलं घर लागलं. ते वहीतल्या घरांपैकी होतं. दादांना बघून त्यांनी नेहमीसारखा तांब्या हातात दिला आणि विचारलं, "गुरुजी, ती दुसरी पोरगी कशी हाय? त्या दिवशी आल्ती. चप्पल तुटलेली. भाकर दिली तर न्हाई म्हणली. म्हणली, बहिणीला ताप आल्ता, तिला गाडीत बसवून दिलं. म्या म्हणलं थांब जराशी, आमचं माणूस येईल, बैलगाडीत सोडून देईल. थांबली न्हाई. जल्दी जल्दी निघाली. मंग एक ट्रॅक्टर आला पोरांचा, आरडाओरडा करत. तर ही कापसात शिरून बसली. ट्रॅक्टर थांबवला त्यांनी, हाका मारून राह्यले. म्या विळा घेऊन धावले तवा गेले. कापसातून काढलं तर पोरगी नुसती थरथर कापून राह्यलेली. अन् ती वही अशी छातीशी." दादांनी तांब्या खाली ठेवला. पाणी प्यायले नाहीत. उरलेली वाट आम्ही चाललो ती मला मुळीच आठवत नाही, फक्त दादांच्या चपलांचा आवाज आठवतो. आजही एखादा माणूस पुढे चालत असला आणि मागे वळून बघत नसला की माझे पाय जड होतात.

दुसऱ्याच दिवशी दादांनी रजा टाकली. जालन्याला गाडी बदलून आम्ही अंबडकडे गेलो. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "तिथं मी बोलणार न्हाई. तू बोलायचं." मोठ्या बाबांच्या ओसरीवर मोठी माय शेंगा फोडत होती, कमल सूप घेऊन बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मोठ्या बाबांनी कमलला विचारलं, "हे खरं हाय?"

"खरं हाय," ती म्हणाली. "ही मला बघून राह्यली व्हती. काचेतून."

"मंग तवाच का न्हाई सांगितलं?"

"काकाला कसं वाटलं असतं?"

मोठे बाबा उठून अंगणात गेले, पुन्हा आत आले. मग दादांना म्हणाले, "बस. उभा काह्याला हाय?" बोलणं संध्याकाळपर्यंत चाललं. शेवटी कमलला पाठवायचं ठरलं. निघताना ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता हात धरेल. "म्या शाळेसाठी येऊन राह्यले," ती म्हणाली. "तुझ्यासाठी न्हाई." आणि दादांना म्हणाली, "काका, रविवारी म्या न्हाई येणार आता. अभ्यास करते."

तिनं तो शब्द पाळला. मॅट्रिक होईपर्यंत ती आमच्याकडे राहिली, पुढे मास्तरीण झाली, बदनापूरला घर बांधलं. आता आम्ही दोघी सत्तरीला टेकलो आहोत. लग्नकार्यात भेटतो, एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करतो. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही आणि मला कधी धीर झाला नाही. तिच्या नातीचं अक्षर सुंदर आहे असं मागे कुणी सांगितलं, तर मी घरी येऊन माझ्या नातवाची वही उघडून बघितली. असं आहे.

मला जे हवं होतं ते मात्र मिळालं. दादांचे रविवार पुन्हा माझे एकटीचे झाले. थोड्या दिवसांनी त्यांनी चालायला सुरुवात केली. दोघांच्या बाकावर मी खिडकीशी, शेजारी दादा. ते माझ्याशी वाईट वागले असं एकदाही झालं नाही. बोरं काढून द्यायचे, ओढ्यात हात धरायचे. त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही भोकरदनच्या उत्तरेला, डोंगराकडच्या एका माळावर गेलो होतो. गवत वाळून पिवळं पडलं होतं. दादा पुढे होते. एकाएकी ते थांबले आणि त्यांनी मागे न बघता हात आडवा केला. लांब, टेकाडाच्या खाली, काळविटांचा कळप चरत होता. दहा-बारा माद्या आणि एक काळा, पिळदार शिंगांचा नर. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे येत होता, त्यामुळे त्यांना चाहूल लागली नव्हती. दादा हळूच खाली बसले. त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी पूर्वीसारखा उजळला होता.

"कमल," ते कुजबुजले, "बघ, बघ तिकडं."

मी त्यांच्या मागे बसले. ‘दादा’ म्हटलं असतं तर त्यांना चूक कळली असती. म्हणून मी नुसतं "हो" म्हणाले, आणि तेही अगदी हळू.